सात मिनिटांआधीचे दहा दिवस

नाशिक जिल्ह्यातील चांदवड हा कमी पावसाचा तालुका. या तालुक्यातील तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ हा तरुण एकेकाळी विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला आल्यावर त्याने पहिल्यांदा वल्ही हातात धरली. चार वर्षांनी, ६ ऑगस्ट २०१६ रोजी, ब्राझीलमधील रिओ शहरातल्या लगोआ तलावावर ऑलिंपिकच्या एकेरी नौकानयन शर्यतीसाठी तो आपल्या नावेत बसला होता. त्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारतातर्फे उतरलेला तो एकटाच खेळाडू होता.

या शर्यतीचे अंतर २००० मीटर असते आणि चांगल्या खेळाडूला ते कापायला सुमारे सात मिनिटे लागतात. या सात मिनिटांसाठी वर्षानुवर्षे सराव करावा लागतो, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. पण शर्यतीच्या आधीचे आठ-दहा दिवस खेळाडू परक्या देशात काय करतो, हे सहसा कुणी सांगत नाही. वर्तमानपत्रात निघतानाचे हारतुऱ्यांचे छायाचित्र येते आणि मग एकदम निकालच येतो. मधल्या दिवसांत खेळाडूची ताकद फारशी वाढवता येत नाही. मात्र चार वर्षांत कमावलेले गमावता नक्की येते. म्हणून हे दिवस महत्त्वाचे. आणि त्यांत शाळेत शिकवतो ते बरेचसे विज्ञान भरलेले आहे.

येथे सांगितलेली हकिगत कोणा एका खेळाडूची दैनंदिनी नव्हे. भारतातून परदेशी स्पर्धेला जाणाऱ्या कोणत्याही नौकानयनपटूला ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते, ते प्रश्न आपण क्रमाने पाहू.

शरीर पोहोचते, घड्याळ मागे राहते

विमानातून उतरल्यावर हातावरचे घड्याळ आपण क्षणात बदलतो. शरीरातले घड्याळ मात्र तसे बदलत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरकांचे स्रवणे या सगळ्यांची दैनंदिन लय तो सांभाळतो. शरीराचे तापमान आपण ३७ अंश सेल्सिअस असे धरून चालतो, पण ते दिवसभर स्थिर नसते. पहाटे ते सर्वांत कमी असते, सायंकाळी सर्वांत जास्त. दोहोंमध्ये साधारण एका अंशाचा फरक पडतो. रात्री दहाला झोपून सहाला उठणाऱ्या माणसात हा नीचांक पहाटे चारच्या सुमारास येतो.

भारताची प्रमाणवेळ आणि रिओची वेळ यांत साडेआठ तासांचा फरक आहे. रिओत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे नुकताच पोहोचलेला खेळाडू रात्री दहाला अंथरुणावर पडतो, तेव्हा त्याचे शरीर म्हणत असते, ‘आता उठायची वेळ झाली.’ उलट दुपारी चार वाजता, सरावासाठी तलावावर जायच्या वेळी, शरीराच्या लेखी मध्यरात्रीचा साडेबाराचा सुमार असतो. भूक नको त्या वेळी लागते, पोट बिघडते, हातपाय जड वाटतात. हा आळस नव्हे किंवा मनाचा कमकुवतपणाही नव्हे. दोन घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

पूर्वेकडे की पश्चिमेकडे?

शरीराचे घड्याळ हळूहळू नव्या वेळेला जुळते. त्याची गती मात्र दोन्ही दिशांना सारखी नसते. पश्चिमेकडे गेल्यास ते रोज साधारण दीड तास सरकते, पूर्वेकडे गेल्यास सुमारे एक तास. असे का व्हावे?

माणसाला दिवस-रात्र कळणार नाही अशा मंद प्रकाशाच्या खोलीत ठेवून प्रयोग झाले आहेत. त्यांवरून असे दिसले की आपल्या अंतर्गत घड्याळाचा दिवस नेमका २४ तासांचा नसून थोडासा मोठा, सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे हे घड्याळ मुळातच थोडे मागे पडणारे आहे. रोजचा सूर्यप्रकाश ते पुन्हा जागेवर आणतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, उशिरा झोपावे लागते. हे त्या घड्याळाच्या कलाला धरूनच असते. पूर्वेकडे जाताना लवकर झोपावे लागते, ते कलाच्या विरुद्ध. उशिरापर्यंत जागणे सोपे, पण झोप येत नसताना लवकर झोपणे कठीण, हा आपला रोजचाच अनुभव आहे.

आता हिशेब करून पाहू. रिओसाठी ८.५ ला १.५ ने भागले तर सुमारे पावणेसहा दिवस येतात. रिओची पात्रता स्पर्धा एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे झाली. तेथे दत्तूने दुसरा क्रमांक मिळवून ऑलिंपिकचे स्थान पक्के केले. कोरियाची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. हा पूर्वेकडचा प्रवास, म्हणून साडेतीन दिवस. हे आकडे सरासरीचे आहेत, माणसागणिक ते थोडे बदलतात. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघ पोहोचवून चालत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. तिकिटाचे आणि मुक्कामाचे पैसे वाचवण्यासाठी दोन दिवस कमी केले, तर त्याची किंमत खेळाडूला पाण्यावर मोजावी लागते.

घड्याळ सरकवण्याचे मुख्य साधन प्रकाश हेच. मात्र तो केव्हा मिळतो यावर परिणामाची दिशा ठरते. शरीराच्या तापमानाचा नीचांक येण्यापूर्वीच्या तासांत डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला, तर घड्याळ मागे सरकते. नीचांकानंतरच्या तासांत पडला, तर ते पुढे सरकते. भारतातील पहाटेचे चार म्हणजे रिओतील आदल्या संध्याकाळचे साडेसात. रिओला जाणाऱ्याला घड्याळ मागे न्यायचे असते. म्हणून पहिल्या दिवशी त्याने दुपारी खोलीत पडदे ओढून झोपू नये, तर सूर्य मावळेपर्यंत उन्हात राहावे. चुंगजूमध्ये गोष्ट उलटी. भारतातील पहाटेचे चार म्हणजे तेथील सकाळचे साडेसात. खेळाडूला घड्याळ पुढे न्यायचे आहे. पण एप्रिलमध्ये तेथे सहाच्या आधीच उजाडते. पहिल्याच सकाळी तो सहा वाजता उघड्या डोळ्यांनी सरावाला गेला, तर ते ऊन त्याचे घड्याळ चुकीच्या दिशेला ढकलते. त्याने साडेसातपर्यंत काळा चष्मा लावावा किंवा आतच थांबावे आणि मग उन्हात जावे. जसजसे घड्याळ जुळत जाते, तसतशी ही सीमारेषाही रोज लवकर येते.

एक विचार करण्यासारखा मुद्दा

रिओत नौकानयनाच्या शर्यती सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होत. त्या वेळी भारतात संध्याकाळचे पाच वाजलेले असत. संध्याकाळी शरीराचे तापमान सर्वाधिक असते, स्नायू लवचीक असतात आणि ताकदीची कामे त्या वेळी चांगली होतात. मग एखादा चलाख विद्यार्थी विचारील, ‘घड्याळ जुळवायचेच कशाला? भारतीय वेळेवरच राहिले तर शर्यत आपोआप उत्तम वेळी येईल!’

प्रश्न चांगला आहे. वर्गात तो जरूर चर्चेला घ्यावा. त्याचे उत्तर असे की भारतीय वेळेवर राहायचे तर रिओतील दुपारी दीडला झोपून रात्री साडेनऊला उठावे लागेल. जेवणे, सराव, संघाच्या बैठका हे सगळे स्थानिक वेळेप्रमाणे चालते. शिवाय दुपारचे ऊन रोज घड्याळ मागे खेचतच राहते. त्यामुळे होते काय, तर खेळाडू धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. झोप तुटक होते आणि तापमानाच्या चढत्या लयीचा फायदा त्या थकव्यात बुडतो. म्हणून घड्याळ जुळवून घ्यावेच लागते. मात्र ते जुळले की सकाळी साडेआठ ही शरीराच्या दृष्टीने थंडच वेळ ठरते. यावर उपाय म्हणजे शर्यतीच्या तीन-चार तास आधी उठणे, हलका नाश्ता करणे आणि शर्यतीपूर्वी भरपूर वेळ शरीर तापवणे. ही सवय एका दिवसात लागत नाही. आधीचे काही दिवस त्याच वेळी उठून सराव करावा लागतो.

भाड्याची नाव

एकेरी शर्यतीची नाव सुमारे आठ मीटर लांब असते आणि नियमाप्रमाणे तिचे वजन किमान १४ किलो असावे लागते. चौदा किलो म्हणजे तांदळाच्या अर्ध्या पोत्याहूनही कमी. पण आठ मीटर लांबीची वस्तू प्रवासी विमानातून सहज नेता येत नाही. म्हणून अनेक देशांचे संघ यजमान देशात नाव भाड्याने घेतात. त्यामुळे पहिले दोन दिवस वल्हवण्यापेक्षा पान्हा आणि मोजपट्टी घेऊन बसण्यात जातात.

असे का, ते समजण्यासाठी तरफ आठवू. वल्ह्याची लांबी सुमारे २८८ सेंटिमीटर असते. नावेच्या बाजूला बाहेर काढलेल्या धातूच्या किंवा कार्बनच्या आधारावर ते एका खोबणीत बसते. खोबणीच्या आतला, हाताकडचा भाग सुमारे ८८ सेंटिमीटर आणि बाहेरचा सुमारे २०० सेंटिमीटर. हात एक सेंटिमीटर सरकला की पाते नावेच्या मानाने सव्वादोन सेंटिमीटर सरकते. म्हणजे येथे बल वाचत नाही, उलट जास्त लावावे लागते. फायदा होतो तो वेगाचा. आतला भाग एक सेंटिमीटरने वाढवला, तर वल्हे हलके लागते पण पाते कमी अंतर कापते. कमी केला तर वल्हे जड लागते. सायकलचे गिअर बदलण्यासारखेच हे आहे. शर्यतीत दर मिनिटाला ३०-३५ वल्ही म्हटली, तर सात मिनिटांत सव्वादोनशेच्या वर वल्ही मारावी लागतात. म्हणून एक सेंटिमीटरचा फरकही खांद्यांना आणि पाठीला कळतो.

तरफ शिकवताना एक प्रश्न मुलांना घालता येईल. वल्ही ही कोणत्या प्रकारची तरफ? नावेत बसून पाहिले तर खोबण हा टेकू. एका टोकाला हाताचे बल, दुसऱ्या टोकाला पाण्याचा रोध. म्हणजे ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. काठावर उभे राहून पाहिले तर पाते पाण्यात जवळजवळ एका जागी रुतलेले दिसते आणि पुढे सरकते ती नाव. मग टेकू पात्यापाशी, भार खोबणीपाशी आणि बल हातापाशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. फरक आहे तो पाहणारा कोठे उभा आहे याचा.

याखेरीज बूट बसवण्याची उंची, सरकत्या बैठकीचे रूळ, पात्याचा पाण्याशी होणारा कोन हे सगळे घरच्या नावेच्या मापांशी जुळवावे लागते. म्हणून शहाणा खेळाडू आपल्या घरच्या नावेची सगळी मापे वहीत लिहून बरोबर नेतो. नाव भाड्याची असली तरी माप आपलेच असले पाहिजे.

वारा आणि पाणी

दत्तूच्या रिओतील वेळा पाहण्यासारख्या आहेत. ६ ऑगस्टच्या पहिल्या फेरीत त्याने ७ मिनिटे २१.६७ सेकंद घेतले आणि तो तिसरा आला. उपांत्यपूर्व फेरीत त्याची वेळ ६ मिनिटे ५९.८९ सेकंद होती, तेथे तो चौथा आला. पुढे तेराव्या ते अठराव्या क्रमांकासाठी झालेली शर्यत त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावा क्रमांक मिळवला. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत जवळजवळ २७ सेकंदांचा फरक! आठवड्याभरात तो एवढा बलवान झाला का?

गणित करून पाहू. पहिल्या दिवशी सरासरी वेग सेकंदाला ४.५३ मीटर, शेवटी ४.८२ मीटर. म्हणजे वेग सहा टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. नावेला होणारा पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. १.०६४ चा घन सुमारे १.२ येतो. हवा-पाणी दोन्ही दिवशी सारखे असते, तर त्याला २० टक्के अधिक शक्ती लावावी लागली असती. एका आठवड्यात कोणाचीही शक्ती इतकी वाढत नाही. तेव्हा फरकाचे मोठे कारण वारा आणि लाटा यांतच शोधायला हवे. त्या ६ ऑगस्टला लगोआवर इतक्या लाटा होत्या की सर्बियाच्या दोघांच्या संघाची नाव उलटली. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या शर्यती वाऱ्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. पुढे १० ऑगस्टलाही तसेच झाले.

वाऱ्याचा परिणाम एवढा का होतो? नाव सेकंदाला पाच मीटर वेगाने जात आहे आणि समोरून सेकंदाला तीन मीटरचा वारा आहे असे समजा. मग खेळाडूच्या पाठीवर आदळणाऱ्या हवेचा वेग आठ मीटर झाला. हवेचा रोधही वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पाचाचा वर्ग २५, आठाचा ६४. रोध अडीचपट झाला. शांत हवेत एकूण रोधात हवेचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. तोच अशा वाऱ्यात एकदम जाणवण्याइतका होतो. अशा दिवशी प्रशिक्षक वल्ह्याच्या आतल्या भागाची लांबी किंचित वाढवून वल्हे हलके करतात. पण ही दुरुस्ती करायची तर वारा केव्हा उठतो, कोणत्या दिशेने येतो, हे आधीच्या दिवसांतच टिपून ठेवलेले असावे लागते.

पाण्याच्या तापमानाचाही परिणाम होतो. पाणी १० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. नावेचा बहुतेक रोध तिच्या पृष्ठभागावरून घसरणाऱ्या पाण्याच्या घर्षणाचा असतो. रोध श्यानतेच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, त्याहून खूपच कमी बदलतो. तरी शर्यतीत काही सेकंदांचा फरक पडतो. या सगळ्या कारणांमुळे नौकानयनात ‘जागतिक विक्रम’ असे न म्हणता ‘जागतिक सर्वोत्तम वेळ’ असे म्हणतात. शंभर मीटर धावण्याच्या दोन शर्यतींची तुलना करता येते. दोन तलावांची तशी तुलना करता येत नाही.

नौकानयनपटू पाठमोरा बसतो. जिकडे जायचे ते त्याला दिसत नाही, मागे पडलेलेच दिसते. म्हणून आधीच्या दिवसांत तो काठावरच्या खुणा पाठ करतो. एखादी इमारत दिसली की अर्धे अंतर झाले, अमुक झाड मागे पडले की शेवटचा जोर लावायचा, अशा त्या खुणा.

सराव कमी, ताकद जास्त

आता एक उलटे वाटणारे सत्य. स्पर्धा जवळ आली की सराव वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. शेवटच्या दीड-दोन आठवड्यांत एकूण सराव साधारण निम्म्यावर आणतात. मात्र जो काही सराव होतो तो शर्यतीच्याच वेगाने करतात. प्रमाण कमी, तीव्रता तीच.

त्यामागचे कारण सोपे आहे. जड सरावाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि साठवलेले ग्लायकोजेन खर्च होते. शरीर ही झीज भरून काढताना थोडे अधिक बलवान होते. पण त्यासाठी विश्रांती लागते. वर्षभर चालू असलेली झीज या दिवसांत भरून निघते आणि आधी केलेल्या कष्टांचे फळ हाती येते. खेळाडूला मात्र हे दिवस फार अवघड जातात. हात शिवशिवतात, आपण आळशी झालो असे वाटते, शेजारच्या देशाचा खेळाडू जास्त वल्हवताना दिसला की जीव कासावीस होतो. अशा वेळी त्याला थांबवून धरणे हे प्रशिक्षकाचे मुख्य काम.

याच काळात वजनकाटाही घाबरवतो. सराव कमी आणि भात, बटाटे, केळी, पाव असे पिष्टमय पदार्थ पुरेसे, त्यामुळे स्नायूंत ग्लायकोजेन भरून येते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. समजा, ३०० ग्रॅम ग्लायकोजेन वाढले, तर वजन सव्वा किलोच्या आसपास वाढते. ही चरबी नव्हे, शर्यतीचे इंधन आहे. सात मिनिटांच्या या शर्यतीत सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने मिळते. उरलेली प्राणवायूविना होणाऱ्या विघटनातून येते. दोन्ही मार्गांना ग्लायकोजेन हवेच.

हलक्या वजनाच्या गटातील खेळाडूंची कसोटी याहून कठीण. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग या जोडीने याच गटात अकरावा क्रमांक मिळवला. या गटात दोघांचे सरासरी वजन ७० किलोंहून अधिक चालत नाही आणि वजन शर्यतीच्या एक ते दोन तास आधी करतात. काही खेळाडू शेवटच्या क्षणी घाम गाळून वजन उतरवतात. पण शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे जेमतेम दीड लिटर, कमी झाले तरी दमसास घटतो. एवढे पाणी तासाभरात पिऊन ते पेशींपर्यंत पोहोचत नाही. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर हा गट ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

पोट, सर्दी आणि घरचे औषध

विमानातील हवा अतिशय कोरडी असते आणि हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असावा तितका. घसा कोरडा पडतो, नाकाचा ओलसर संरक्षक थर सुकतो आणि शेजारच्या प्रवाशाची सर्दी सहज लागते. म्हणून प्रवासात दर तासाला थोडे पाणी पिणे आणि उठून चालणे हा सरावाचाच भाग समजतात.

पोटाचे दुखणे हे दुसरे संकट. २०१५ मध्ये रिओच्या याच तलावावर कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या संघातील १३ खेळाडूंची पोटे बिघडली. पाण्यामुळे की अन्नामुळे, ते सिद्ध झाले नाही. पण वल्ह्यांनी उडणारे पाणी तोंडात जाऊ न देणे, पाण्याच्या बाटलीचे तोंड झाकणे, हात साबणाने धुतल्याशिवाय काही न खाणे हे नियम त्यानंतर सगळ्यांनीच अधिक काटेकोरपणे पाळले. आपण पहिलीच्या मुलांना शिकवतो तेच हे नियम. ऑलिंपिकमध्येही ते तेवढेच कामाला येतात.

आजारपणाची किंमत काय असते, हे २०१८ च्या आशियाई स्पर्धांत दिसले. पालेंबांगच्या तलावावर एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू आजारी अवस्थेत उतरला आणि सर्वांत शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळवले. ही जिद्द खरीच. पण चांगला प्रशिक्षक अशी जिद्द दाखवायची वेळ येऊ नये म्हणून झटत असतो.

आणि सर्दी झालीच तर? घरून आणलेली गोळी किंवा खोकल्याचे औषध डॉक्टरांना न विचारता घेता येत नाही. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असते. स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाहून जास्त सापडले, तर तो उत्तेजक सेवनाचा गुन्हा ठरतो. एका गोळीने पदकही जाते आणि नावही.

शर्यतीची सकाळ

आदल्या रात्री बहुतेकांना नीट झोप लागत नाही. त्याची फार चिंता करू नये. एका रात्रीची अर्धवट झोप मन चिडचिडे करते, पण शरीराची ताकद तेवढ्याने संपत नाही. आधीच्या चार-पाच रात्री चांगल्या झालेल्या असल्या म्हणजे पुरे.

मग आधीच्या दहा दिवसांत ठरवलेले सगळे क्रमाने घडत जाते. ठरल्या वेळी उठणे, ठरलेले खाणे, नावेचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासणे, वारा पाहणे, अंग तापवणे. त्या सकाळी नवे काहीही करायचे नसते. नवा पदार्थ नाही, नवे बूट नाहीत, नवी युक्तीही नाही. रिओच्या अंतिम शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांचीही वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद अशी एकच लागली. छायाचित्र पाहून सुवर्णपदक ड्रायस्डेलला देण्यात आले. सव्वादोनशे वल्ह्यांपैकी प्रत्येकात एक सेंटिमीटर जरी कमी पडला असता, तरी शेवटी सव्वादोन मीटरचे अंतर पडले असते. एक सैल बोल्ट किंवा एक वाईट रात्र किती महाग पडू शकते, ते यावरून कळेल.

वर्गात आणि मैदानावर

या विषयाशी जोडून विद्यार्थ्यांना काही गोष्टी करता येतील. सुटीच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर आणि नंतर झोपेपर्यंत दर तीन तासांनी जिभेखाली तापमापक ठेवून तापमान नोंदवावे आणि त्याचा आलेख काढावा. तीन-चार मुलांचे आलेख एकमेकांशेजारी ठेवले की शरीराची लय डोळ्यांना दिसते. श्यानतेसाठी दोन सारख्या उंच पेल्यांत काकवी घ्यावी. एक पेला थंड पाण्यात, दुसरा गरम पाण्यात ठेवावा. मग दोन्हींत सारखीच छोटी गोटी सोडून ती तळाशी पोहोचण्यास किती वेळ लागतो ते मोजावे. दत्तूच्या वेळांवरून वेग आणि शक्ती यांचे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज सोडवता येईल.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट शिक्षकांच्या हातात आहे. आपण मुलांना तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धांना नेतो. पुष्कळदा रात्रभर एसटीचा प्रवास होतो, पहाटे बसस्थानकावर वडापाव खाल्ला जातो आणि नऊ वाजता मुलगी आठशे मीटर धावायला उभी राहते. ती हरली की ‘सराव कमी पडला’ असे आपण म्हणून मोकळे होतो. सराव कदाचित पुरेसा झालाही असेल. कमी पडली असेल ती एक रात्रीची झोप, दोन पेले पाणी किंवा ओळखीचे जेवण. येथे वेळेतला फरक साडेआठ तासांचा नसतो. शरीर मात्र तेच असते आणि त्याचे नियमही तेच.

पुढच्या वेळी संघ नेताना शक्य असेल तर एक मुक्काम आधी पोहोचावे. ते जमले नाही, तर निदान मुलांना बसमध्ये खिडकीशी टेकून झोपू द्यावे, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात, घरची पोळी-भाजी बांधून घ्यावी आणि शेवटच्या दोन दिवसांत मैदानावर घाम गाळायला लावू नये. यासाठी ना परदेशी प्रशिक्षक लागतो, ना मोठा निधी. शरीर कसे चालते ते ठाऊक असले आणि त्याप्रमाणे वेळापत्रक आखले, की मुलांनी वर्षभर केलेले कष्ट प्रवासात वाया जात नाहीत.